नाताळची भेट कोणाकडून कोणाकडे?



आगमनकाळाची दुसरी मेणबत्ती पेटली की मच्छेतल्या आमच्या घरात एक वही बाहेर येते. नाताळच्या खर्चाची. मैदा, साखर, खोबरं, मुलांचे कपडे, गोठ्याचे दिवे, आणि शेवटच्या पानावर भेटवस्तू. त्या पानावर दोन रकाने आहेत. एकाचं नाव 'इकडचे', दुसऱ्याचं 'तिकडचे'. इकडचे म्हणजे माझे सासूसासरे. तिकडचे म्हणजे खानापूर तालुक्यातल्या खेड्यात राहणारे माझे आईबाबा.

गेल्या वर्षी धाकट्या लेकीनं वही चाळली आणि विचारलं, "आई, तिकडचे म्हणजे कोण गं?" मी म्हटलं, "आजी-आजोबा." ती म्हणाली, "मग तसं लिही की!"

अक्षर माझंच होतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आणि जन्म देणाऱ्या आईला मी माझ्याच हातानं 'तिकडचे' लिहीत आले होते. रकान्यांखालची बेरीज पाहिली तर आणखी लाज वाटली. इकडे साडी, स्वेटर, धोतरजोडी. तिकडे दरवर्षी एकच नोंद: कुंदा, अर्धा किलो.

सासरच्यांनी मला कधी 'माहेरी काही देऊ नको' म्हटलेलं नाही, हे आधीच सांगते. उलट आमच्या मामी (सासूबाईंना मी मामी म्हणते) म्हणतात, "आईला एक लुगडं घे की गं." नको म्हणते ती माझी आईच. "लेकीकडनं घेत्यात काय? लोक काय म्हणतील?" जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत, निदान तिला मूल होईपर्यंत. आम्ही ख्रिस्ती होऊन कित्येक पिढ्या झाल्या, तरी बाप्तिस्म्याचं पाणी या समजुतीपर्यंत पोचलेलं दिसत नाही.

बी.ए.ला इतिहास घेतला होता, ती खोड अजून आहे. कुठली चाल दिसली की ती कुठून आली हे शोधावंसं वाटतं. म्हणून यंदाच्या आगमनकाळात धर्मशिक्षणाच्या टिपणांबरोबर हेही वाचत बसले: नाताळला भेट द्यायची चाल कुठली, आणि ती भेट कोणाकडून कोणाकडे जात होती?

सुरुवात रोमपासून करायला हवी. तिथे इ.स. ३३६ च्या सुमाराला २५ डिसेंबरला प्रभूचा जन्मदिन पाळत असल्याची नोंद सापडते. पण त्या काळी लोक भेटी द्यायचे त्या नाताळला नव्हे, एक जानेवारीला. त्यांना 'स्ट्रेना' म्हणत. आधी साधी डहाळी, अंजीर, मध असं काहीतरी; पुढे नाणी. आणि ती नाणी वर चढायला लागली. आश्रित धन्याला देणार, धनी त्याच्याहून मोठ्याला, आणि सगळ्यात वर सम्राट. कॅलिगुला हा सम्राट तर एक जानेवारीला वाड्याच्या दारात स्वतः उभा राहून लोकांची नाणी गोळा करायचा, असं त्याच्या चरित्रकारानं लिहून ठेवलं आहे. इ.स. ४०० मध्ये अमासिया या गावच्या बिशप अस्टेरियस यांनी या चालीविरुद्ध एक प्रवचन दिलं, ते आजही उपलब्ध आहे. त्यांची तक्रार साधी होती. भेट म्हणता, पण पैसा छोट्याकडून मोठ्याकडे सरकत राहतो. देणाऱ्याला आनंद नाही आणि गरज असलेल्याच्या हाती काही पडत नाही.

ही तक्रार वाचताना मला आपल्याकडची 'डाली' आठवली. जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून असेल. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे इथे मोठी छावणी वसली. साहेबाच्या राज्यात हिंदुस्थानातल्या छावण्यांतून आणि कचेऱ्यांतून नाताळला डाली जायची: ताटात किंवा टोपलीत फळं, सुकामेवा, मिठाई, फुलं मांडून. नेणारे कोण? कंत्राटदार, हाताखालचे नोकर, जमीनदार. घेणारा साहेब. ख्रिस्ताचा सण साहेबाचा, आणि त्याची भेट त्या सणाशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाच्या खिशातून. सरकारनं पुढे नियम केले, फळंफुलं चालतील, मौल्यवान काही घ्यायचं नाही असे. पण टोपलीच्या तळाशी काय असायचं, ते डोक्यावरून वाहून नेणाऱ्यालाच ठाऊक.

म्हणजे भेट वर चढते, आणि चढताना तिचं नाव भेटच राहतं. माझ्या वहीतला 'इकडचे' हा रकाना मला तेव्हा जरा वेगळा दिसायला लागला.

गोव्याचा इतिहास आपल्याला जास्त जवळचा. बेळगाव धर्मप्रांत झाला १९५३ साली. त्याआधी आपला बराचसा भाग गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होता. आपण म्हणतो तो 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीज, जन्म या अर्थाचा. फराळाचं ताट शेजारीपाजारी पाठवायची पद्धत, नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, त्या ताटाला मंगळूरकडे 'कुस्वार' म्हणतात आणि गोव्यात 'कोन्सुआद'. दोन्हींच्या मुळाशी पोर्तुगीज 'कोन्सोआदा' आहे. हे ताट मला फार आवडतं, कारण ते वर चढत नाही, आडवं जातं. या घरातून त्या घरात, आणि रिकामं परत येत नाही.

पण गोव्याच्या घरांत आणखी एक देणं असतं, 'वजें'. नवी नवरी माहेराहून सासरी येते तेव्हा आईकडून पाठवलेलं गोडधोड: बोल, दोदोल, दोस, केळ्यांचे घड. सासरी ते पाहुण्यांत आणि वाड्यावर वाटतात. वजें म्हणजे आपल्या मराठीतलं ओझंच. नवरीच्या घरून नवऱ्याच्या घरी जाणाऱ्या भेटीला आपल्या माणसांनी ओझं म्हणावं, याहून खरं नाव सापडलं नसतं.

आता इतिहासाचा एक कडू भाग सांगते. तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय आलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. १७३६ च्या एप्रिलमध्ये त्यानं एक लांबलचक फर्मान काढलं. नवख्रिस्ती लोकांनी काय काय करायचं नाही त्याची यादी. अंगणात तुळस लावायची नाही, मिठाशिवाय भात शिजवायचा नाही, लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत, नवरा-नवरीला हळद लावायची नाही. आणि लग्नाच्या निमित्तानं एका घरून दुसऱ्या घरी पान, सुपारी, फुलं पाठवायची नाहीत. विहीणबाईला विडा पाठवणं हाही गुन्हा! त्या लोकांना वाटत होतं की श्रद्धा स्वच्छ करायची तर व्याह्यांच्या घरांमधली ये-जा तोडली पाहिजे. ती तुटली नाही. हळदीच्या जागी नारळाच्या दुधाचा रोस आला, ओव्या नव्या शब्दांनी टिकल्या, वजें तर आजही जातं. चर्चच्या नावानं झालेल्या अशा जबरदस्तीबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००० मध्ये रोममध्ये देवाकडे जाहीर क्षमा मागितली. मी वर्गात मुलांना हे सांगते. काही पालकांना ते आवडत नाही.

माझ्या मनात मात्र दुसराच प्रश्न राहिला. बंदी घालणाऱ्यांनी पानसुपारी मोजली, पण ती कोणत्या दिशेनं जाते आणि तिचा भार कोणावर पडतो याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. म्हणून पानसुपारीवर फर्मान निघालं आणि नवरीच्या बापाच्या डोक्यावरचं ओझं तसंच राहिलं.

ते ओझं ओळखलं ते आपल्या सांताक्लॉजनं. हसू नका. सांताक्लॉज म्हणजे डच लोकांचा सिंटरक्लास, आणि सिंटरक्लास म्हणजे संत निकोलस, चौथ्या शतकातले मायरा या गावचे बिशप. मायरा आजच्या तुर्कस्तानात येतं. त्यांच्याबद्दल जी गोष्ट शेकडो वर्षं सांगितली गेली ती लहान मुलांच्या खेळण्यांची नाही, हुंड्याची आहे. एका माणसाची मिळकत गेली. घरात तीन लग्नाच्या मुली. हुंडा नाही म्हणून स्थळ नाही, आणि उपासमार अशी की मुलींना वाईट मार्गाला लावायचा विचार बापाच्या मनात आला. निकोलसांनी रात्री खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकली. मोठीचं लग्न झालं. मग दुसरी पुरचुंडी, मग तिसरी. तिसऱ्या खेपेला बाप जागा राहिला आणि धावत जाऊन त्यानं त्यांना गाठलं, तर ते म्हणाले, कोणाला सांगू नको.

इथे भेट कोणाला मिळाली ते पाहा. मुलीच्या बापाला. जगाची रीत त्याच्याकडून घेण्याची, आणि संतांनी रात्रीच्या अंधारात त्याच्याच घरात नेऊन टाकलं. आज दुकानातला लाल कपड्यांतला म्हातारा बघताना हे कोणाच्या ध्यानात येतं? दिवेलागणीला मुलं त्याच्या चित्राशेजारी फोटो काढतात, आणि घरी वडील लेकीच्या सासरच्या नाताळासाठी उसनवार करत असतात. मी नाव घेत नाही, पण आपल्या ओळखीत अशी घरं आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला जावयाला अंगठी, विहिणीला साडी, आणि त्याचा विषय पुढच्या पास्क्यापर्यंत.

आपल्या देशात हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१ मध्ये झाला. त्यातही 'प्रेमानं दिलेल्या भेटी' वेगळ्या ठेवल्या आहेत. मग प्रेम कुठलं आणि मागणी कुठली हे कसं ओळखायचं? म्हणून १९८५ मध्ये नियम आले: लग्नातल्या भेटींची लेखी यादी ठेवायची, वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं. म्हणजे माझ्या वहीसारखीच वही, फक्त सरकारनं सांगितलेली. ती किती घरांत ठेवली जाते हे मी विचारत नाही.

दुसरी बाजूही कोर्टापर्यंत गेली आहे. कल्याणच्या एका डॉक्टर लेकीविरुद्ध तिच्या वडिलांनी पोटगी मागितली होती. लेकीचा बचाव असा, की कायद्यात बापाला पोसायची जबाबदारी मुलाची आहे. लग्न झालेली मुलगी दुसऱ्या घरची. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा बचाव फेटाळला. लेकीची स्वतःची कमाई असेल, नवऱ्याची नव्हे, स्वतःची, तर लग्न झालेलं असलं तरी गरजू आईवडिलांची जबाबदारी तिच्यावरही आहे. पुढे २००७ मध्ये ज्येष्ठ नागरिकांचा कायदा झाला, त्यातही मुलगा आणि मुलगी दोघांची नावं आहेत. ज्या गोष्टीला माझी आई 'लोक काय म्हणतील' म्हणते, तिला देशाचं कोर्ट कर्तव्य म्हणतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "कोर्टात जाणाऱ्या बापाची लेक व्हायचं नाही तुला." मुद्दा तो नव्हता, पण आईशी कोण वाद घालणार?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई पवित्र शास्त्र विसरली. नाही, तिकडेच येते आहे.

नाताळला आपण बेथलेहेमचा गोठा करतो. पण बेथलेहेममध्ये, प्रभूच्या जन्माच्या हजारभर वर्षं आधी, सासूला दिलेल्या एका भेटीची गोष्ट घडली आहे. रूथची. रूथ मवाबची, परक्या मुलखातली. नवरा वारलेला, पोटी मूल नाही. सासू नामी म्हणाली, माहेरी जा. ती गेली नाही. सासूबरोबर बेथलेहेमला आली, जवाच्या सुगीच्या दिवसांत, आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला लागली. आपल्याकडे भातकापणीनंतर लोंब्या वेचतात तसाच. दुपारी शेतमालक बवाजानं तिला कापणीवाल्यांबरोबर बसवून हुरडा दिला. तिनं पोटभर खाल्लं आणि उरलेला ओच्यात बांधला. संध्याकाळी सासूपुढे ठेवला तो वेचलेला जव, आणि त्याच्यासोबत तो जेवणातला उरलेला हुरडा. या हुरड्यापाशी मी दरवर्षी थांबते. जव तर कामाचा होता, पण जेवताना तिला सासूची आठवण झाली होती.

पुढे खळ्यावरची रात्र आणि पहाट. बवाज तिला परत पाठवताना तिची चादर पसरायला लावतो आणि सहा मापं जव मोजून घालतो. सासूकडे रिकाम्या हातांनी जाऊ नये म्हणून. तो अजून जावई झालेला नाही, आणि नामी त्याची सासूही नव्हे. ती त्याच्या होणाऱ्या बायकोची आधीची सासू. या नात्याला आपल्या भाषेत शब्दच नाही. तरी भेट गेली ती तिच्याकडे, दोन मुलगे आणि नवरा गमावलेल्या म्हाताऱ्या बाईकडे, जिच्याकडून परत काही मिळायची आशा नव्हती. तीच रूथ मत्तयच्या पहिल्या अध्यायात प्रभू येशूच्या वंशावळीत आहे. जिच्या ओच्यात सहा मापं जव होता, तिच्या नातवाचा मुलगा दावीद राजा.

मागी लोकांचं सोनं, ऊद आणि गंधरस आपण वर्षानुवर्षं नाटकात दाखवतो. गंमत अशी की मागी तीनच होते असं शुभवर्तमानात कुठेही नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन. त्यांचीही दिशा उलटी आहे. थोर लोकांनी वाकून एका सुताराच्या घरातल्या बाळापुढे पेटी उघडली. आणि त्याच सुताराच्या घरची मंदिरातली भेट किती? पारव्यांची किंवा होल्यांची जोडी, कोकरू परवडत नसेल त्यांच्यासाठी नियमात ठेवलेली. योसेफानं आपल्या सासूसासऱ्यांना काय दिलं असेल असं मला कधीकधी वाटतं. पवित्र मरियेचे आईवडील योआकिम आणि अन्ना यांची नावं पवित्र शास्त्रात नाहीत, दुसऱ्या शतकातल्या एका जुन्या ग्रंथातून ती आपल्याला मिळाली. २६ जुलैला त्यांचा सण असतो, आणि २०२१ पासून पोप फ्रान्सिस यांनी त्याच सुमाराला आजीआजोबांचा रविवार सुरू केला. आपल्या धर्मग्रामात तो साजरा करतात, पण शाल-श्रीफळ देताना आजोबांना आधी विचारतं कोण, की तुम्हाला काय हवंय?

न विचारता दिलेल्या भेटीची आमच्या घरची गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी मामांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी, चार पायांची नवी काठी आणली. चांगली, महाग, खाली रबर असलेली. मामांनी ती पाहिली, "बरी हाय" म्हणाले आणि खुंटीला अडकवली. पास्क्यापर्यंत ती तिथेच होती. एका रात्री ते बाराला उठून शेताकडे निघाले तेव्हा कळलं. मोटरीला वीज रात्रीच येते, पाणी फिरवायला जावं लागतं, आणि त्यांची बॅटरी अंधूक झाली होती. त्यांना उजेड हवा होता, आम्ही त्यांना म्हातारपण दिलं.

आता माझीच चूक. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहायचा मला हक्क नाही.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझी भिशी लागली. चार हजार. तेव्हा देवळातल्या गोठ्यासाठी वर्गणी चालली होती आणि यादी माझ्याकडे होती. मी धर्मशिक्षिका. माझ्या नावापुढचा आकडा लहान कसा चालेल? मी अडीच हजार लिहिले. कोणी सांगितलं नव्हतं. उरले त्यातून इकडच्यांसाठी घेतलं. आईला फोन केला, "यंदा तुझ्यासाठी काही नाही गं, देवळाला दिलं." आई म्हणाली, "बरं केलंस. देवाला दिलंस ते मला पोचलं."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी माहेरी गेले. संध्याकाळी रोझरीच्या वेळी आई प्रार्थनेचं पुस्तक दाराच्या उजेडाकडे तिरकं धरून वाचत होती. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि एका काचेवर तडा. "कधीपासून?" म्हटलं तर म्हणाली, "सुगीपासून. पाठ हाय सगळं, बघायला कशाला लागतंय."

तरीही मला तेव्हा काही कळलं नाही, हे खरं सांगते. वाईट वाटलं, इतकंच. जानेवारीत दृढीकरणाच्या मुलांना मार्कचा सातवा अध्याय शिकवत होते. शास्त्री आणि परुशी लोकांना प्रभू येशू तिथे एका युक्तीबद्दल सुनावतो. आईबापाला द्यायचं असलेलं काही देवाला वाहिलं असं म्हटलं की मग त्यांना द्यावं लागत नाही, अशी ती युक्ती. एका मुलानं हात वर केला, "टीचर, कुर्बान म्हणजे काय? कुर्बानी तीच काय?" मी म्हटलं, "हो, मूळ एकच. देवाजवळ आणलेलं अर्पण." आणि खडू हातात तसाच राहिला. देवळाला दिलं, म्हणून तुला नाही. हे वाक्य मी फोनवर जसंच्या तसं बोलले होते.

प्रभूनं तिथे देवळाला देऊ नका असं सांगितलेलं नाही. गरीब विधवेच्या दोन दमड्यांचं त्यानं कौतुकच केलं. पण देवाचं नाव पुढे करून आईबापाचा हात रिकामा ठेवणं त्याला सहन झालं नाही. आणि माझ्या बाबतीत देवाचं नावही निमित्तच होतं, खरा हिशेब यादीतल्या आकड्याचा होता. अस्टेरियस बिशपांनी सोळाशे वर्षांपूर्वी माझंच नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

फादरांना पापनिवेदनात सांगितलं. ते काय म्हणाले ते इथे लिहिणार नाही. पण चष्मा करणं एवढं सोपं नव्हतं, कारण आईला लेकीकडून घ्यायचं नव्हतं. देणाऱ्याचा हात तयार असला तरी घेणाऱ्याचा हात उघडावा लागतो. हे दुःख आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांना जुनं आहे. आपल्या बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये इथेच बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची बायको त्यांच्याबरोबर आली नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्या तेव्हाही सुरुवातीला सोवळं पाळून, स्वतःचं वेगळं शिजवून. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याची हकिगत लिहिली आहे, बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुवून घेणारे वडील. मी ती वाचताना हसले होते, आता हसू येत नाही. अशा घरात लेकीनं नाताळला काय न्यायचं? त्या पिढीला काय द्यावं हा प्रश्नच नव्हता, घेईल कोण हा होता. माझ्या आईचा हात जातीनं नाही, रीतीनं मिटलेला आहे. पण मिटलेलाच.

मार्ग मामींनी काढला. त्यांनी स्वतः आईला फोन लावला. "विहीणबाई, तुमच्या डोळ्याचं करायचं हाय. लेकीचं नाही, माझं समजा. मला तुमच्याकडचं नवं तांदूळ पाठवा." आई लगेच कबूल झाली. विहिणीला तांदूळ पाठवणं तिच्या रीतीत बसत होतं, आणि त्याच्या बदल्यात काही घेणंही. माझ्या मनात थोडी कळ आलीच, लेकीकडून नाही आणि विहिणीकडून चालतं! पण म्हटलं, बवाजाचा जवही रूथच्या हातूनच पोचला होता.

परवा शनिवारी आईला घेऊन खानापूरला डोळे तपासायला गेले. नंबर बराच वाढला आहे, आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, ते शस्त्रक्रियेचं पास्क्यानंतर बघू असं डॉक्टर म्हणाले. फ्रेम आईनं स्वतः निवडली. मी दाखवलेली सोनेरी नको म्हणाली, "कोयराची मुलगी दिसीन." काळी घेतली, जाड काड्यांची. दुकानातल्या मुलानं वीस तारखेपर्यंत तयार होईल म्हणून सांगितलं आहे. परत येताना एस.टी.त माझ्या मांडीवर पाच शेर नव्या तांदळाचं गाठोडं होतं, मामींसाठी.

वहीतला रकाना लेकीनं खोडला आहे. तिथे आता दोन्हीकडे 'आजी-आजोबा' लिहिलं आहे, त्यामुळे कुठला खर्च कुणाचा हे यंदा मला समजत नाही. मामांची बॅटरी कुठे लिहू ते विचारायचं राहिलं आहे.